लेकराच्या उशाशी

(भिवंडी येथील रात्रीच्या साक्षरता वर्गात दिलेले भाषण)



आज आम्ही फळ्यावर एकच शब्द लिहिला आहे. पांघरूण. सर्वांनी तो वाचला. छान. 'पांघरूण' लिहिताना 'रू' दीर्घ काढावा. 'पांघरुणात' लिहिताना तोच 'रु' ऱ्हस्व होतो. एवढे ध्यानात ठेवा.

भिवंडीच्या माणसाला पांघरुणाचा अर्थ सांगायला नको. आपल्या गावाचे पोट कापडावर चालते. इथे दिवसरात्र माग वाजतात. पण आज आम्ही वेगळ्या पांघरुणाविषयी बोलणार आहोत. ते सुताचे नाही. ते माणसाने माणसाला घालायचे असते.

आधी हा विषय का निघाला, ते सांगतो.

आपल्या वर्गात एक ताई येतात. आजारी मुलांना ठेवून घेणाऱ्या एका संस्थेत त्या आयाबाईंचे काम करतात. संस्थेचे नाव सांगण्याचे कारण नाही. मध्यंतरी पंधरा दिवस त्या वर्गाला आल्या नाहीत. मग एके रात्री आल्या, वही उघडली आणि तशाच बसून राहिल्या. आम्ही विचारले, "ताई, बरं नाही का?"

त्या म्हणाल्या, "गुरुजी, आमच्याकडची एक पोर गेली. सात महिने मीच तिला न्हाऊमाखू घातलं. माझ्याच हातानं जेवायची. सकाळी ती गेली आणि दुपारी त्याच खाटेवर दुसरं मूल आलं. चादर मीच बदलली. मला कुणी दोन मिनिटं बस म्हटलं नाही. माझ्या डोळ्याला पाणी आलं, तर एक जण म्हणाले, 'तुमची कोण लागत होती ती? पगार मिळतो ना?' तेव्हापासून झोप नाही बघा. आता नवीन पोराला जवळ घ्यायचीच भीती वाटते."

वर्गात कोणी बोलले नाही. आमच्यापाशीही उत्तर नव्हते. आम्ही जन्मभर मुलांना शिकवले. पण जे मूल मोठे होणार नाही, त्याच्याशी कसे वागावे, हे आम्हाला कोणी शिकवले नव्हते. आणि त्याची सेवा करणाऱ्या बाईला काय सांगावे, हेही ठाऊक नव्हते. म्हणून आम्ही वाचले, जाणत्या लोकांना विचारले. जे कळले ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

आमची चूक

दुसऱ्याला शहाणपण सांगण्याआधी आपली चूक सांगावी, हे बरे.

पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. आम्ही तेव्हा मुख्याध्यापक होतो. चौथीच्या वर्गात एक मुलगा होता. बाप मागावर कामाला. पोरगा गणितात हुशार, पण अक्षर कोंबडीच्या पायासारखे. त्याला रक्ताचा कर्करोग झाला. आईबाप त्याला मुंबईला नेत. आधी कल्याणपर्यंत एस्टी, मग लोकल. एका खेपेला बापाचा एक खाडा पडे. दीड वर्ष असे चालले. आजार परत उलटला. डॉक्टरांनी सांगितले, आता घरी न्या.

मुलगा घरी आला. त्याचे घर शाळेपासून दहा मिनिटांवर होते. एक दिवस त्याची धाकटी बहीण आमच्याकडे आली. म्हणाली, "गुरुजी, दादा विचारतो, भागाकाराची उदाहरणं कुठपर्यंत झाली?"

आम्ही म्हणालो, "त्याला म्हणावं, आराम कर. बरा झालास की बघू."

तो बरा होणार नाही, हे आम्हाला ठाऊक होते. आम्ही भेटायला गेलो नाही. कामे खूप होती असे नाही. काय बोलावे ते कळत नव्हते. त्याच आठवड्यात, बरेच दिवस गैरहजर म्हणून, आम्ही त्याचे नाव पटावरून कमी केले. अकराव्या दिवशी मुलगा गेला.

मग आम्ही गेलो. त्याची आई रागावली नाही. एवढेच म्हणाली, "वही उशाशी ठेवली होती त्यानं. म्हणायचा, गुरुजी येतील, तपासतील." ती वही तिने आम्हाला दाखवली. बहिणीकडून उदाहरणे मागवून त्याने सोडवली होती. तपासलेली नव्हती.

त्या माउलीने आणखी एक गोष्ट सांगितली. शेवटच्या रात्री पोर कळांनी तळमळत होते. घरात तापाच्या गोळ्या होत्या, तेवढ्याच. फार रडला की एक गोळी द्यायची. याहून काही मिळते, हे त्या घरात कोणालाच ठाऊक नव्हते. आम्हालाही नव्हते.

मंडळी, त्या मुलाचा आजार बरा होण्यासारखा राहिला नव्हता. त्यात कोणाचा दोष नाही. पण त्याच्या कळा कमी करता आल्या असत्या. त्याची वही तपासता आली असती. त्याची आई एकटी जागत होती, तिला एक रात्र झोप मिळवून देता आली असती. या तिन्ही गोष्टी राहून गेल्या. आज जे सांगायचे आहे ते एवढेच, की आजार बरा करण्याचे उपाय संपले, तरी करण्यासारखे संपत नाही.

पांघरूण घालणारी सेवा

या करण्याला एक नाव आहे. डॉक्टर लोक 'पॅलिएटिव्ह केअर' म्हणतात. मराठीत उपशामक सेवा म्हणतात. 'पॅलियम' हा जुना लॅटिन शब्द आहे. त्याचा अर्थ अंगावर घ्यायचा झगा, म्हणजे पांघरूणच. थंडी घालवणे आपल्या हाती नसते, पण कुडकुडणाऱ्याच्या अंगावर पांघरूण घालणे हाती असते. तसेच हे आहे. दुखणे, धाप, मळमळ, भीती, एकटेपणा यांवर घातलेले हे पांघरूण.

ही सेवा नव्या रीतीने उभी कशी राहिली? लंडनमध्ये सिसिली सॉन्डर्स नावाच्या बाई होत्या. आधी त्या परिचारिका होत्या, पुढे डॉक्टर झाल्या. १९६७ साली त्यांनी शेवटच्या दुखण्यातल्या माणसांसाठी एक रुग्णालय काढले. वेदना कमी करणे हेच तिथले मुख्य काम होते. १९८२ साली इंग्लंडातच ऑक्सफर्ड येथे खास मुलांसाठी असे पहिले घर निघाले. मुले तिथे काही दिवस येऊन राहत आणि तेवढे दिवस आईबापांना विसावा मिळे.

आपल्या देशातले असे पहिले घर मुंबईत, वांद्र्याला निघाले. शांती आवेदना सदन हे त्याचे नाव. डॉक्टर डिसूझा यांनी ते १९८६ साली सुरू केले. १९९३ साली केरळात, कालिकत येथे डॉक्टर राजगोपाल आणि त्यांच्या सोबत्यांनी वेदनेवर उपचार करणारी संस्था काढली. पुढे तिथे गावोगावचे साधे लोक शिकून तयार झाले आणि घरोघर जाऊ लागले. परळच्या टाटा रुग्णालयात या सेवेचा वेगळा विभाग आहे. डॉक्टर मेरी अ‍ॅन मुकादेन यांनी तिथे मुलांसाठी पुष्कळ काम केले.

हे सगळे मोठ्या शहरांत झाले, आपल्याकडे कुठले, असे कोणी म्हणेल. तर ऐका. भिवंडीहून वाड्याच्या रस्त्याला लागा. वाडा, विक्रमगड, मग जव्हार. तो मुलूख तेव्हा आपल्याच ठाणे जिल्ह्यात होता. २०१४ साली पालघर जिल्हा वेगळा झाला. २०१० साली महाराष्ट्रात मुलांच्या उपशामक सेवेचा एक प्रकल्प सुरू झाला. त्यात जव्हारचे सरकारी कुटीर रुग्णालय होते आणि मुंबईचे शीव रुग्णालयही होते. डोंगरातल्या पाड्यांवरच्या मुलांसाठी हे होऊ शकते, तर भिवंडीच्या चाळीतल्या मुलांसाठी का होऊ नये?

ही सेवा फक्त कर्करोगाच्या मुलांसाठी नाही. काही मुलांना जन्मतः हृदयाचा मोठा दोष असतो. काहींना थॅलेसेमिया असतो, सारखे रक्त चढवावे लागते. काहींच्या मेंदूला इजा झालेली असते, मान धरत नाही, घास गिळता येत नाही. काहींचे स्नायू वर्षावर्षाने दुबळे होत जातात. या सर्वांना ही सेवा लागते.

आणखी एक गैरसमज काढून टाका. ही सेवा घेतली म्हणजे आशा सोडली, असे नाही. आजार कळला त्या दिवसापासून ती सुरू व्हावी. एकीकडे आजाराचे औषध, दुसरीकडे आराम देणारी सेवा. दोन्ही बरोबर चालतात. काही मुले त्यातून खडखडीत बरीही होतात.

पहिली गोष्ट : वेदना

मूल रडत नाही, म्हणजे त्याला दुखत नाही, असे समजू नका. फार दुखणारे मूल गप्प होते. खेळत नाही, हलत नाही, भिंतीकडे तोंड करून पडते. आपण म्हणतो, शहाणे आहे, त्रास देत नाही. ते शहाणपण नसते. ते दुखणे असते.

१९९७-९८ साली अमेरिकेत बोस्टन शहरातल्या डॉक्टरांनी कर्करोगाने मूल गेलेल्या १०३ आईबापांना विचारले. ते २००० साली छापून आले. शेवटच्या महिन्यात आपल्या मुलाला कशाचा ना कशाचा फार त्रास झाला, असे शंभरातल्या ८९ जणांनी सांगितले. ज्या मुलांना दुखण्यावर औषध दिले, त्यांच्यातही शंभरात २७ जणांनाच नीट आराम पडला. देश श्रीमंत, रुग्णालय नामांकित. तरी असे. म्हणजे हे केवळ पैशाने होत नाही. रोज विचारावे लागते, "बाळा, कुठं दुखतं? कालच्यापेक्षा जास्त की कमी?" लहान मुलाला बोटांवर सांगायला शिकवावे. एक बोट म्हणजे थोडे, पाच बोटे म्हणजे फार. आणि मूल सांगेल ते खरे धरावे.

फार दुखत असेल तर मॉर्फिन नावाचे औषध आहे. ते अफूपासून होते. म्हणून लोक भितात. मुलाला व्यसन लागेल म्हणतात. वेदनेसाठी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ठरल्या मापाने दिले तर ते मोठे गुणाचे औषध आहे. त्याने बद्धकोष्ठ होते, म्हणून बरोबर पोट साफ होण्याचे औषध देतात. ते आपल्या मनाने कधी देऊ नये. कुलपात ठेवावे.

हे औषध मिळणे मध्यंतरी फार कठीण झाले होते. १९८५ साली अमली पदार्थांचा कडक कायदा झाला. चोरट्या व्यापाराला आळा घालण्यासाठी तो होता. पण परवान्यांची इतकी झंझट झाली, की रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणेच सोडले. २०१४ साली कायदा दुरुस्त झाला आणि वाट पुष्कळ सोपी झाली. तरी आजही सगळीकडे ते मिळत नाही. म्हणून विचारायला लाजू नका. "डॉक्टरसाहेब, दुखणं कमी करणारा विभाग कुठं आहे? तिकडं चिठ्ठी द्याल का?" हे वाक्य पाठ करा.

आणि औषध रडण्याची वाट पाहून देऊ नये. डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळेवर, घड्याळाप्रमाणे द्यावे. इथे तुमची साक्षरता कामाला येते. वहीत चार रकाने आखा. तारीख, वेळ, औषध, दुखणे किती. डॉक्टरांना ती वही दाखवा. अशी वही पाहिली की डॉक्टरही नीट औषध ठरवू शकतात.

दुसरी गोष्ट : खरे बोलणे

"गुरुजी, लहान पोराला काय सांगायचं? त्याला काही कळत नाही," असे लोक म्हणतात.

त्याला कळते. मायरा ब्लूबॉन्ड-लँगनर या अमेरिकन बाईंनी रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांमध्ये बसून अभ्यास केला. १९७८ साली त्यांचे पुस्तक निघाले. मुले तीन ते नऊ वर्षांची होती. कोणी सांगितले नाही, तरी आपण जगणार नाही हे त्यांना कळले होते. शेजारच्या खाटेवरचे मूल दिसेनासे झाले, आई बाहेर जाऊन डोळे पुसून आली, डॉक्टर घाईने निघून गेले, यावरून मुले ताडतात. मग आईबापांना वाईट वाटू नये म्हणून तीच न कळल्याचे सोंग करतात. आईबाप मुलासाठी सोंग करतात, मूल आईबापांसाठी. आणि दोघेही एकटे पडतात.

स्वीडन देशात मूल गमावलेल्या आईबापांना काही वर्षांनी विचारले गेले. हा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. मुलाशी मरणाविषयी बोललेले १४७ जण होते. त्यांतल्या एकालाही, बोललो नसतो तर बरे झाले असते, असे वाटले नाही. न बोललेले २५८ होते. त्यांतल्या ६९ जणांना न बोलल्याची खंत राहिली होती.

याचा अर्थ मुलाला धरून बसवावे आणि सारे सांगून टाकावे, असा नाही. न बोललेल्यांतल्या पुष्कळांना खंत नव्हती, हेही खरे. मूल विचारील तेव्हा तोंड फिरवू नये, एवढाच अर्थ. मूल म्हणाले, "आई, मी बरा होणार नाही का?" तर आधी विचारा, "तुला असं का वाटलं रे?" त्याचे ऐका. मग जेवढे विचारले तेवढेच, साध्या शब्दांत सांगा. "आजार फार हट्टी आहे. पण दुखू नये म्हणून आपण सगळं करू. आणि मी तुझ्याजवळच आहे." मुलाला मरणापेक्षा एकटे राहण्याची भीती मोठी असते.

घरातल्या भावंडांनाही सांगा. "मी त्याला ढकललं म्हणून तो आजारी पडला," असे लहान मूल मनात धरून बसते. त्याला स्पष्ट सांगितले पाहिजे, "तुझ्यामुळं काही झालेलं नाही."

तिसरी गोष्ट : मूल हे मूलच असते

आजारी मुलाला खेळ हवा, गोष्ट हवी, शाळा हवी. मोठ्या माणसाला वाटते, आता कशाला अभ्यास? पण अभ्यास म्हणजे त्याच्या दृष्टीने उद्याचा दिवस. भागाकार कुठपर्यंत झाला, असे विचारणारा मुलगा आम्हाला सांगत होता, की गुरुजी, मी अजून तुमच्या वर्गात आहे. आम्ही ते ऐकले नाही.

तुमच्यापैकी कोणाच्या शेजारी असे मूल असेल, तर शाळेच्या गुरुजींना भेटा. नाव पटावर राहू द्या म्हणावे. आठवड्यातून एक दिवस वर्गातली दोन मुले त्याच्याकडे पाठवा म्हणावे. वही तपासा म्हणावे.

सेवा करणाऱ्याची सेवा

आता त्या ताईंच्या प्रश्नाकडे येतो. "तुमची कोण लागत होती ती?" याचे उत्तर आम्हाला सापडले आहे. ज्याला आपण सात महिने घास भरवला, ते आपले लागते. तसे लागले नसते, तर तिने सेवा नीट केलीच नसती. रडणे हा कामातला दोष नाही.

पण दुःख गिळून सतत काम केले, तर माणूस आतून जळत जातो. १९७४ साली अमेरिकेतल्या एका मनोवैद्याने या अवस्थेला 'बर्नआउट' असे नाव दिले. पुढे क्रिस्टिना मास्लाक या विदुषीने तिची तीन लक्षणे नेमकी सांगितली. पहिले, जीव थकून जातो, झोपेनेही थकवा जात नाही. दुसरे, माणसांविषयी कोरडेपणा येतो. मुलाला नावाऐवजी 'सात नंबरची खाट' म्हणू लागतो. तिसरे, आपल्या कामाचा काही उपयोग नाही, असे वाटू लागते. ताई म्हणाल्या, नवीन पोराला जवळ घ्यायची भीती वाटते. ही त्याचीच सुरुवात.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली याविषयी एक महत्त्वाची गोष्ट लिहिली. कामाच्या जागेवरचा ताण वेळीच सांभाळला नाही, की हे होते. म्हणजे केवळ बाई कमकुवत म्हणून झाले, असे नव्हे. कामाची मांडणीही तपासली पाहिजे.

मागावर काम करणाऱ्यांना हे लवकर पटेल. सूत तुटले तर काय करता? माग थांबवता, गाठ मारता, मग पुढे चालवता. गाठ न मारता माग तसाच रेटला, तर कापडात दोष राहतो आणि मालक पैसे कापतो. माणसाचे सूत तुटले तर मात्र आपण म्हणतो, चालू द्या. बारा तासांनी मागावर दुसऱ्या पाळीचा माणूस येतो. आणि आजारी मुलाच्या आईला पाळी बदलायला कोणी नसते.

पाळी बदलली, तर माणसे केवढी सेवा करू शकतात, हे परळच्या के. ई. एम. रुग्णालयाने दाखवले. तिथल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर १९७३ साली हल्ला झाला. त्या पुन्हा शुद्धीवर अशा आल्या नाहीत. २०१५ साली त्या वारल्या. जवळजवळ ४२ वर्षे त्या रुग्णालयातल्या परिचारिकांनी त्यांना सांभाळले. एक पिढी निवृत्त झाली, दुसरीने भार घेतला. इतकी वर्षे अंथरुणाला खिळूनही त्यांच्या अंगावर एक जखम नाही, याची २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने नोंद घेतली आणि परिचारिकांची वाखाणणी केली. हे एकटीच्या हातून झाले असते का? अनेक हात होते, म्हणून झाले.

आपण सावित्रीबाईंची गोष्ट वाचली आहे. १८९७च्या प्लेगात त्यांनी एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यात पोचवले आणि त्याच साथीत त्या गेल्या. त्यांना आम्ही हात जोडतो. पण सावित्रीबाईंचे नाव घेऊन घरातल्या बाईला किंवा आयाबाईला 'तूही मर' असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. ती साथीतली धाव होती. ही वर्षानुवर्षांची चाल आहे. ती टिकवायची तर चालणाऱ्याला बसायला जागा हवी.

बसायची जागा म्हणजे काय, तेही सांगतो. बोस्टनमध्ये केनेथ श्वार्ट्झ नावाचे एक वकील १९९५ साली कर्करोगाने गेले. सेवा करणाऱ्यांचा एक मायेचा शब्द औषधाइतका उपयोगी पडतो, असा त्यांचा अनुभव होता. त्यांच्या नावाने रुग्णालयांत एक बैठक सुरू झाली. त्या बैठकीत डॉक्टर, परिचारिका, आया, झाडूवाले सगळे एकत्र बसतात. चूक कोणाची, हे तिथे विचारायचे नाही. कामात मनाला काय लागले, तेवढे बोलायचे. इंग्लंडमध्ये २०१८ साली याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. नेमाने बैठकीला जाणाऱ्यांत मनाने खचलेले शंभरात २५ होते, ते १२ वर आले. न जाणाऱ्यांत फारसा फरक पडला नाही. खर्च काय? थोडा वेळ आणि चहा.

आपल्या हाती काय आहे?

पहिले. मुंबईला उपचारासाठी जाणाऱ्यांना राहण्याची जागा सांगा. दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. तिथे टाटा रुग्णालयाचे रोगी आणि त्यांची माणसे राहतात. कर्करोगाच्या मुलांना आईबापांसह फुकट ठेवून घेणारी सेंट ज्यूड नावाची संस्था २००६ सालापासून काम करते. रुग्णालयातल्या समाजसेवा विभागात विचारावे.

दुसरे. शेजारी असे मूल असेल, तर नुसते "काही लागलं तर सांगा" म्हणू नका. ती माउली सांगत नाही. "मंगळवारी रात्री मी बसते, तुम्ही झोपा," असे वार ठरवून सांगा. चार घरांनी चार वार वाटून घ्यावेत.

तिसरे. "देवाची मर्जी," "दुसरं होईल," असे बोलू नका. नुसते जवळ बसा. मूल गेल्यावर त्याचे नाव घ्या. आईला ते नाव ऐकायचे असते.

चौथे. मन फारच खचले, झोप उडाली, जगू नये असे वाटू लागले, तर १४४१६ या क्रमांकावर फोन करावा. ही सरकारी सेवा आहे. २०२२ साली ती सुरू झाली. रात्री-अपरात्रीही चालते, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येते. हा आकडा सर्वांनी आत्ता वहीत लिहा. एक, चार, चार, एक, सहा.

पाचवे संस्था चालवणाऱ्यांसाठी आहे. या बाबतीत आम्ही आणि आपल्या ट्रस्टचे दोघे जण त्या ताईंच्या संस्थेत गेलो. व्यवस्थापक माणूस वाईट नव्हता. तोही थकलेला होता. तो म्हणाला, "गुरुजी, खाट रिकामी ठेवता येत नाही. बाहेर मुलं थांबलेली असतात." ते खरेच होते. आम्ही वाद घातला नाही. एवढेच मागितले, की मूल गेले तर त्याची चादर त्याच्या आयाबाईने बदलू नये, दुसरीने बदलावी. आणि त्या दिवशी सर्वांनी अर्धा तास एकत्र बसावे, चहा घ्यावा, त्या मुलाविषयी बोलावे. त्याने थोडा विचार केला आणि हो म्हटले.

दोन महिन्यांनी तसा प्रसंग आला. सगळे बसले. आधी कोणी बोलेना. मग स्वयंपाकीण म्हणाली, "त्याला माझी खिचडी आवडायची. वरून तूप मागायचा." मग सगळेच बोलू लागले. व्यवस्थापकाने डोळे पुसले, असे ताईंनी सांगितले. त्या रात्री आपल्याला झोप लागली, असेही म्हणाल्या.

मागल्या आठवड्यात ताईंनी आमच्यापुढे वही ठेवली. आम्ही घातलेला धडा त्यांनी लिहिला होताच. त्याखाली, न सांगता, आणखी दोन ओळी लिहिल्या होत्या. त्यात त्या सात महिने सांभाळलेल्या मुलीचे नाव होते, आणि तिला लाल रिबीन आवडत असे, एवढेच होते. 'रिबीन' शब्दात एक चूक होती. ती आम्ही सुधारली. खाली सही केली आणि तारीख घातली.

पंचवीस वर्षांपूर्वी एक वही तपासायची राहिली होती. ती आता तपासता येत नाही. समोर आलेली वही तरी आम्ही ठेवून देणार नाही. तुमच्या गल्लीतही अशी एखादी वही कोणाच्या तरी उशाशी असेल. उद्या कामावरून येताना पाच मिनिटे तिकडे वळा. काय बोलावे ते कळले नाही तरी चालेल. जा मात्र.

एवढे सांगून आम्ही आपले भाषण संपवतो.